लिव्होफ्लॉक्सासिनने बरा होणारा खोकला

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेजवळ, बोरी नदीच्या खोऱ्यातल्या एका बाजाराच्या गावात मी जनरल प्रॅक्टिस करते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, घरातली माणसं आणि कामाचा तपशील थोडा बदलला आहे. औषधं, त्यांचा क्रम आणि माझ्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. लिहू का, असं रुग्णाला आधी विचारलं. ते म्हणाले, "लिखा मॅडम, दुसराले तरी समजी."

पार्श्वभूमी

त्यांना आपण आप्पा म्हणू. वय 46. दोन एकर कोरडवाहू कापूस, आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत जिनिंगमध्ये हमाली. घरी बायको, मुलगा, सून आणि 3 वर्षांचा नातू. दोन खोल्यांचं घर, थंडीत दारं-खिडक्या बंद. तंबाखू होती, विडी नव्हती. साखर किंवा बीपी कधी तपासलेलं नव्हतं.

हंगामात आमच्याकडे खोकल्याचे पेशंट खूप येतात. सरकी आणि रुई वेगळी होताना जो भुरका उडतो तो दिवसभर नाकातोंडात जातो, त्यात पहाटेची थंडी. जिनमधल्या माणसाने "खोकला आहे" म्हटलं की आमचं निम्मं निदान तिथेच ठरून जातं. वर्षानुवर्षं ते बरोबर निघालेलं असतं, म्हणून त्यातला धोका दिसत नाही.

पहिली भेट: नोव्हेंबर 2024

दिवाळी होऊन दोन-अडीच आठवडे झाले होते. आप्पा बाजाराच्या दिवशी आले. खोकला दहा दिवसांपासून, संध्याकाळी अंग थोडं गरम लागायचं. त्याआधी गावातल्या मेडिकलमधून त्यांनी ॲझिथ्रोमायसिन 500 च्या तीन गोळ्या घेऊन संपवल्या होत्या. फरक नव्हता. तपासलं तेव्हा ताप नव्हता, श्वास मिनिटाला 18, ऑक्सिजन 97 टक्के, छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ.

त्या दिवशी मी अँटिबायोटिक दिलं नाही, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. एरवी धडधाकट असलेल्या माणसाचा असा खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे असतो. अँटिबायोटिकने तो लवकर जात नाही. जायला अडीच-तीन आठवडे लागणं अगदी नेहमीचं आहे. छातीत न्यूमोनियाची खूण नव्हती. वर एक अँटिबायोटिक आधीच वाया गेलं होतं, आणि तेही ॲझिथ्रोमायसिन, जे आपल्याला टायफॉइडसाठी जपून ठेवायला हवं.

चुकलं ते पुढचं. मी म्हटलं, "व्हायरल आहे, आपोआप जाईल," पॅरासिटामॉल लिहिली, कामावर तोंडाला उपरणं बांधायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर ओटा भरलेला होता. किती दिवसांत जाईल, नाही गेला तर कधी यायचं, काय दिसलं तर थांबायचं नाही, यातलं काहीच बोलले नाही. वजनही केलं नाही. काटा टेबलाखालीच होता.

रिकाम्या हाताने परत पाठवलं, असं आप्पांना वाटलं. त्यांची त्यात काही चूक नाही. एका दिवसाची हमाली बुडवून आलेल्या माणसाला "आपोआप जाईल" हे उत्तर म्हणजे नकारच वाटतो.

मधला महिना

चार दिवसांनी ते दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे एक सलाईन, दोन इंजेक्शनं आणि लिव्होफ्लॉक्सासिन 500 हे अँटिबायोटिक पाच दिवस मिळालं. तिसऱ्या दिवसापासून खोकला कमी झाला, संध्याकाळची कणकण गेली, भूक लागायला लागली. आठ-दहा दिवस ते पूर्ववत गाठी उचलत होते. मग खोकला परत सुरू झाला.

त्या डॉक्टरांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, कारण महिन्याभराने नेमकं तेच मी केलं.

दुसरी भेट: डिसेंबरचा शेवट

ही भेट मी मनात अनेकदा पुन्हा घेतली आहे. आप्पा समोर बसले, खिशातून रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, हाई गोळीघाई बरं वाटनं व्हतं. हाईच द्या. माले सोमवारले कामवर जानं शे."

खोकला सुरू होऊन दीड महिना झाला होता. छाती अजून जवळपास स्वच्छ, उजव्या बाजूला वरती थोडा खरखर आवाज. ताप 99.6. थोडे सुकल्यासारखे दिसत होते, पण हंगामात सगळेच सुकतात, अशी मी माझी समजूत घातली.

पर्याय काय होते

पहिला पर्याय राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचाच नियम आहे: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायला पाठवा. आपल्याकडे हे भिंतीवर लिहिलेलं असतं. मला ते माहीत होतं. पण बेडका द्यायला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं म्हणजे आणखी एक रोज बुडणार, आणि "टीबीची तपासणी" हा शब्द घरात गेला की ताट-वाटी वेगळी होते. आप्पांच्या चेहऱ्यावर ती भीती मी न विचारताच वाचली, आणि तपासणी पुढे ढकलली. खरं तर मी त्यांच्या वतीने घाबरले. त्यांना विचारायला हवं होतं.

दुसरा पर्याय छातीचा एक्स-रे. जवळच होतो, पण पैसे लागतात.

तिसरा पर्याय, न्यूमोनियाची शंका असेल तर अमॉक्सिसिलिन देऊन, तपासणीसाठी तारीख ठरवून बोलावणं. या औषधाचा गुण असा की क्षयाच्या जंतूवर त्याचा उपयोगी परिणाम होत नाही. म्हणजे आजार क्षयाचा असेल तर तो अमॉक्सिसिलिनखाली झाकला जात नाही, तसाच दिसत राहतो. डॉक्सिसायक्लिनबाबतही ती भीती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे तीन गट केले आहेत: ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अमॉक्सिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन पहिल्या, सहज वापरायच्या गटात येतात. लिव्होफ्लॉक्सासिन आणि ॲझिथ्रोमायसिन वॉच गटात, म्हणजे वापरताना हात आखडता घ्यायचा.

चौथा पर्याय आप्पांनी टेबलावर ठेवलेला होता.

मी तोच निवडला. लिव्होफ्लॉक्सासिन 500, सात दिवस. कागदावर मी "छातीचा संसर्ग" लिहिलं. खरं कारण वेगळं होतं. नोव्हेंबरमध्ये नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडे गेला आणि तिथे बरा झाला, हे माझ्या मनाला लागलं होतं. आणि त्या औषधाने बरं वाटलं होतं, हा मला पुरावा वाटला.

पुरावा तो होताच, फक्त वेगळ्या गोष्टीचा.

बरं का वाटलं

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी जगासमोर मांडला. तो फार सावकाश वाढतो. आतड्यातल्या ई. कोलायला दोनाचे चार व्हायला 20 मिनिटं पुरतात, या जंतूला 18 ते 20 तास लागतात. म्हणून त्याचा आजारही सावकाश चढतो आणि उपचारही महिनोन् महिने चालतो.

लिव्होफ्लॉक्सासिन जंतूच्या डीएनएची गुंडाळी सांभाळणाऱ्या विकरावर घाव घालतं, आणि क्षयाच्या जंतूवरही ते चांगलं चालतं. पाच-सात दिवस दिलं की जंतूंची संख्या घटते, ताप उतरतो, भूक लागते. त्या दिवसांत बेडका तपासला तर जंतू न सापडण्याची शक्यताही वाढते. गोळ्या संपल्या की उरलेले जंतू पुन्हा वाढायला लागतात. उरलेल्यांत औषधाला न जुमानणारे असतील, तर वाढतात ते तेच.

हा धडा नवा नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक. ब्रिटनमध्ये त्याची जी चाचणी झाली आणि 1948 साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही हेच दिसलं होतं. पहिले काही महिने रुग्ण सुधारले, मग अनेकांचे जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हापासून क्षयाला एका वेळी अनेक औषधं देतात. मी एकच देत होते, तेही आठवडाभर.

आणखी एक गोष्ट. क्षयाच्या जंतूने आयसोनियाझिड या क्षयावरच्या नेहमीच्या औषधाला दाद दिली नाही, तर जो उपचार करतात त्यात लिव्होफ्लॉक्सासिन हा एक आधार असतो. रिफाम्पिसिन या दुसऱ्या मुख्य औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावरही याच कुळातली औषधं कामी येतात. साध्या खोकल्याला हे औषध लिहिताना आपण त्या रुग्णाच्या पुढच्या वाटेवरचं औषध खर्चून टाकत असतो.

दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला लिव्होफ्लॉक्सासिनने कमी झाला आणि परत आला, तर तेवढ्यावरच बेडका तपासायला पाठवावं. आप्पांनी ती माहिती रिकाम्या पट्टीच्या रूपात माझ्यासमोर ठेवली होती. मी ती उलटी वाचली.

तिसरी खेप, दवाखान्याबाहेर

जानेवारीत खोकला पुन्हा आला. या वेळी आप्पा माझ्याकडे आले नाहीत. माझीच जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेले आणि आणखी एक पट्टी घेतली.

नंतर मी त्या दुकानदाराशी बोलले. तो म्हणाला, "मॅडम, चिठ्ठी तुमचीच होती." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, डॉक्टरने तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच पुन्हा, असा नियम आहे. लिव्होफ्लॉक्सासिन तर शेड्यूल एच-1 मध्ये आहे. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या या यादीतलं औषध विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. क्षयाची औषधंही याच यादीत आहेत. ॲझिथ्रोमायसिन मात्र तिच्यात नाही, ही मोठी फट आहे असं माझं मत आहे.

तरीही दुकानदारावर सगळं ढकलता येत नाही. पट्टी मिळते म्हणून मागितली जाते हे खरं, पण कोणती मागायची हे आप्पांना दोन डॉक्टरांनी शिकवलं होतं.

काय केलं

जानेवारीच्या शेवटी मुलगा त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला. थुंकीत रक्ताची रेघ दिसली होती. रात्री घामाने बनियन भिजायची. या वेळी पहिलं काम वजनाचं केलं: 47 किलो. जिनच्या काट्यावर हमाल एकमेकांची वजनं गमतीने करतात. दिवाळीला तो काटा 53 दाखवत होता, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं. नोव्हेंबरमध्ये विचारलं असतं तर तेव्हाही सांगितलं असतं.

श्वास मिनिटाला 22, ऑक्सिजन 96, चालताना दम नाही. रक्त रेघेपुरतंच. तातडीने भरती करण्यासारखी अवस्था नव्हती, म्हणून विचार करायला वेळ होता. लिव्होफ्लॉक्सासिन त्याच मिनिटाला बंद केलं आणि त्याच्या जागी दुसरं कोणतंही अँटिबायोटिक दिलं नाही. हात शिवशिवत होते, कबूल करते. रक्त पाहिलं की काहीतरी जोरदार लिहावंसं वाटतं. पण आणखी एक गोळी म्हणजे चित्रावर आणखी एक पडदा.

मग खुर्ची ओढून आप्पांच्या आणि मुलाच्या समोर बसले. शब्द लपवला नाही. "मला टीबीची शंका आहे. तो पूर्ण बरा होतो. तपासणी आणि औषध सरकारकडून फुकट आहे. आणि ही शंका मला डिसेंबरमध्येच यायला हवी होती." आप्पा काही बोलले नाहीत. मुलाने विचारलं, "पोरगं त्यांच्याजवळ झोपतं, त्याचं काय?" माझ्याकडून राहिलेला प्रश्न त्याने विचारला.

एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग आणि त्यात छोटी पोकळी दिसली. ग्रामीण रुग्णालयात दिलेला पहिला नमुना निगेटिव्ह आला. आणखी एक निर्णयाचा क्षण. निगेटिव्ह म्हणजे नाही, असं धरून परत न्यूमोनियाच्या वाटेला लागणं सोपं होतं. चौकशी केली तर कळलं की डबीत नुसती लाळ होती, आणि गोळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. आप्पांना नीट समजावलं: पहाटे उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून जो निघेल तो बेडका, घराबाहेर मोकळ्या हवेत, डबीत घ्यायचा. दुसरा नमुना घट्ट, पिवळट होता. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर त्यात क्षयाचा जंतू सापडला. रिफाम्पिसिनला तो दाद देत होता. आयसोनियाझिडसाठी नमुना पुढे गेला, तो अहवालही चांगला आला. लिव्होफ्लॉक्सासिनची तपासणी झाली नाही, कारण कार्यक्रमात ती पहिल्या रांगेतल्या औषधांना जंतू दाद देत नसेल तर करतात.

त्याच दिवशी साखर केली. जेवणानंतरची 268. मधुमेहात क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. नोव्हेंबरमध्ये बोटाला सुई टोचली असती तर माझा संशय तेव्हाच जागा झाला असता.

परिणाम

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात औषध सुरू झालं: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. 47 किलोला रोज एकत्रित औषधाच्या तीन गोळ्या. लघवी नारिंगी होईल हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तिथेच औषध सुटतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, कारण रिफाम्पिसिनमुळे साखरेच्या काही इतर गोळ्यांचा असर घटतो. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद केली. क्षयाचा रुग्ण कळवणं खासगी डॉक्टरला 2012 पासून बंधनकारक आहे. पोषण आहाराचे महिन्याला 1000 रुपये त्यांच्या खात्यात आले, ही रक्कम नोव्हेंबर 2024 मध्येच 500 वरून वाढली होती.

दोन महिन्यांनी बेडका स्वच्छ. ऑगस्टमध्ये कोर्स संपला तेव्हा वजन 54.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. कोणालाच आजार नव्हता, नातवाला प्रतिबंधक औषध सुरू झालं आणि पूर्णही झालं. जिनमध्ये आप्पांच्या बरोबर एकाच पडवीत झोपणाऱ्या हमालांनाही बोलावलं. त्यातल्या एकाला क्षय निघाला. त्याला तो आप्पांकडूनच लागला असं सांगता येत नाही. नव्हता लागला असंही सांगता येत नाही. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या शेवटापर्यंतचा महिना मात्र माझ्या चिठ्ठीचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरमध्ये अँटिबायोटिक न देणं तसंच ठेवलं असतं. फक्त नकारासोबत तारीख दिली असती. आता मी चिठ्ठीच्या पाठीमागे मराठीत लिहून देते: खोकला अमुक तारखेपर्यंत गेला नाही तर या, त्या दिवशी फी नाही. दम लागला, रक्त दिसलं, ताप चढला तर तारखेची वाट पाहू नका. हे लिहायला एक मिनिट लागतं. "फी नाही" हे शब्द मुद्दाम आहेत, कारण परत न येण्याचं अर्धं कारण तेच असतं.

डिसेंबरमध्ये बेडक्याची डबी हातात द्यायला हवी होती. तालुक्याचा फेरा वाचावा म्हणून आता आशाताईंशी बोलून ठेवलं आहे. डबी दवाखान्यातून दिली जाते, नमुना पोचवायची सोय त्या करतात. हे तेव्हाही शक्य होतं, मी कधी विचारलंच नव्हतं.

खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन मी आता लिहीत नाही. न्यूमोनिया वाटला तर अमॉक्सिसिलिन, आणि दोन-तीन दिवसांत परत तपासणी. ज्यांना ते चालत नाही त्यांना डॉक्सिसायक्लिन. अँटिबायोटिकच्या प्रत्येक चिठ्ठीवर "पुन्हा देऊ नये" असा शिक्का असतो. दुकानदाराला सुरुवातीला तो आवडला नाही. आता दोघा-तिघा दुकानदारांनी चिठ्ठी परत पाठवून विचारलंही आहे.

एका गोष्टीचं उत्तर अजून हाताला लागलेलं नाही. बाजाराच्या दिवशी ओट्यावर गर्दी असताना खुर्ची ओढून बसणं दर वेळी जमत नाही. गोळी लिहायला दहा सेकंद लागतात, न लिहिण्याचं कारण सांगायला पाच मिनिटं. सध्या मी खोकल्याच्या पेशंटांना शक्य तेवढं दुपारी चारनंतर बोलावते. काही येतात, काही कुरकुरतात, काही दुसरीकडे जातात.

2025 च्या दिवाळीनंतर आप्पा बायकोला घेऊन आले. तिला पाच दिवसांपासून खोकला. मी छाती तपासली, वजन केलं, साखर पाहिली. औषध दिलं नाही, तारीख दिली. आप्पांनी कागद उलटा करून पाठीमागची तारीख मोठ्याने वाचली आणि घडी घालून खिशात ठेवला. त्या तारखेला दोघं आले. खोकला गेला होता, वजन तेवढंच होतं.